मिरज-कुर्डुवाडी लाईनवरची मालवाहतूक राहणार का? (आणि आमचे क्रेट कशात भरायचे)

माणदेशी_भगवा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथं वाचतो लई दिवसापासनं, धागा पहिल्यांदाच काढतोय. मोबाईलवर टायपतोय त्यामुळं ऱ्हस्वदीर्घ बघत बसू नका.

मी सांगोला तालुक्याच्या कडेचा शेतकरी. तीन एकर भगवा डाळिंब होतं, त्यातलं दीड एकर खोडकिड्यानं आणि मर रोगानं गेलं, जेसीबी लावून उपटलं. राहिलेल्या दीड एकरावर मृग बहार धरलाय, डिसेंबरात माल निघंल. आता मूळ मुद्दा.

२०२० ला लॉकडाऊनमध्ये किसान रेल सुरू झाली ती सगळ्यांना आठवत असंल. पहिली गाडी ७ ऑगस्टला देवळालीहून दानापूरला गेली आणि त्याच महिन्यात आपल्या सांगोल्याचे डबे पण मनमाडला नेऊन त्या गाडीला जोडायला लागले. मग नुसत्या सांगोल्याहून गाड्या सुटायला लागल्या. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहूनच सुटली, पार कोलकात्याजवळच्या शालिमारला, दोन हजार किलोमीटरच्या वर, साधारण चाळीस तासात. पंतप्रधानांनी व्हिडिओवरनं झेंडा दाखवला. आमच्या गावातली पोरं त्या दिवशी स्टेशनात गेलेली, मी पण गेलो होतो.

त्या गाडीची खरी गंमत काय होती सांगू का? झेंडा-बिंडा सोडून द्या. गंमत ही की क्रेट मोजून घ्यायचे. माझ्यासारखा माणूस ४० क्रेट घेऊन गेला तरी बाबूनं परत पाठवला न्हाई. पन्नास-शंभर किलो असला तरी घेत हुते. भाड्यात निम्मी सूट. डाळिंब, ढोबळी, लिंबू, जे असंल ते एकाच गाडीत. त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर रेल्वेनं मला कधी गिऱ्हाईक म्हणून बघितलंच न्हाई.

पुढं अनुदान आटलं आणि फेऱ्या कमी कमी होत गाडी बंदच झाली. परवा आमच्या जवळच्या एका स्टेशनावर (नाव घेत न्हाई) चौकशीला गेलो तर पार्सलचं नाव काढल्यावर समोरच्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं काय मी हत्ती बुक करायला आलोय.

तर जाणकारांना विचारायचंय की ह्या लाईनवर मालाची वाहतूक परत कधी हुणार का? का आता फक्त वारीच्या गाड्या आणि बाकी सगळं ट्रकला? लाईन ब्रॉडगेज झाली, वरनं वायर पण आली, मग माल का न्हाई?

दहाचाकी

धागाकर्ते दादा, वाईट वाटून घेऊ नका पण किसान रेल चालली ती सरकारच्या पैशानं. निम्मं भाडं सरकार भरत असेल तर मी पण तुम्हाला निम्म्यात दिल्ली दाखवतो की. अनुदान बंद गाडी बंद, ह्यात रहस्य काय आहे?

आणि सांगली-सोलापूर रस्ता चौपदरी झाल्यापासून बघा, कवठेमहांकाळहून निघालेली गाडी चहाला थांबली तरी दोन-अडीच तासात सोलापूरच्या पलीकडे. माझी गाडी तुमच्या बांधावर येते. रेल्वे तुमच्या बांधावर येते का? स्टेशनापर्यंत न्यायला पण माझ्याच भावकीतला छोटा हत्ती लागतो तुम्हाला.

माणदेशी_भगवा

दहाचाकी भाऊ, बांधावर येता हे खरं. पण बांधावर येऊन भाडं सांगता तेव्हा सीझनला काय बोलता ते पण सांगा की हितं. पावसाळ्यात एक रेट, डिसेंबरात एक, डिझेल वाढलं की एक, आणि डिझेल कमी झालं की तोच 😀

किसान रेल होती त्या वर्षी आमच्याकडच्या ट्रकवाल्यांनी स्वतःहून भाडं उतरवलेलं. ते मला विसरत न्हाई.

दहाचाकी

उतरवलं होतं, खोटं बोलणार नाही.

निवृत्त_मालबाबू

मी मध्य रेल्वेत गुड्स क्लार्क म्हणून नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं ह्याच पट्ट्यात. नॅरोगेज असताना लागलो आणि ब्रॉडगेज झाल्यावर निवृत्त झालो. थोडं लांबलचक लिहितो, चालवून घ्या.

माणदेशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर "रेक", म्हणजे अख्खी मालगाडी. रेल्वे आता माल नेत नाही, रेक नेते. हा फरक समजला की सगळं समजतं.

मी लागलो तेव्हा एक पोतं सुद्धा बुक व्हायचं. त्याला स्मॉल्स म्हणायचे. एका वाघिणीत (म्हणजे मालाच्या डब्यात) चार व्यापाऱ्यांचा माल, वर खडूनं मार्का, कुर्डुवाडीला आला की हमाल लोक छोट्या वाघिणीतून मोठ्या वाघिणीत पोती टाकायचे. ट्रान्सशिपमेंटचा शेड होता, रात्रभर दिवे आणि "हुश्श हुश्श" असा आवाज. चोरी व्हायची, तूट यायची, क्लेम व्हायचे, पावसात साखर भिजायची. ऐंशीच्या दशकापासून रेल्वेनं धोरण पक्कं केलं की हे सगळं बंद, एका ठिकाणाहून एका ठिकाणी एकाच गिऱ्हाइकाची पूर्ण गाडी. इंजिन अडकत नाही, यार्डात शंटिंग नाही, वाघिणी लवकर मोकळ्या होतात. रेल्वेच्या बाजूनं विचार केला तर चुकलं असं मी म्हणणार नाही. आज रेल्वेच्या एकूण मालात जवळपास निम्मा नुसता कोळसा आहे. कोळशाला काय, खाणीत भरला की वीजकेंद्रात ओतला.

आता हिशोब बघा. बीसीएन म्हणजे बंद वाघीण. एकीत साठ-पासष्ट टन बसतं. ४२ वाघिणींचा रेक. म्हणजे अडीच हजार टनांच्या वर. तुमच्या २० किलोच्या क्रेटनं मोजलं तर सव्वा लाख क्रेट. एका दमात. एका मालकाचे. एका गावाला जाणारे. शिवाय भरायला ठरावीक तास, माझ्या वेळी नऊ तास मिळायचे, वर एक तास गेला की वाघिणीमागं १५० रुपये डॅमरेज, म्हणजे दंड. ४२ वाघिणींचे तासाला ६,३०० झाले. एवढे हमाल आणायचे कुठून? मिनी रेक म्हणून वीस वाघिणींची सवलत आहे पण ती सुद्धा तुमच्या आवाक्याबाहेरच.

किसान रेल ही मालगाडी नव्हतीच, ती पार्सल गाडी होती. पार्सल व्हॅन, आम्ही व्हीपी म्हणतो, तिच्यात २३ टन. म्हणून तुमचे ४० क्रेट चालले. आणि सूट रेल्वे देत नव्हती, ती अन्नप्रक्रिया मंत्रालयाच्या ऑपरेशन ग्रीन्स योजनेतून यायची. दुसऱ्याच्या खिशातून आलेला पैसा दुसऱ्याचं मन बदललं की जातो.

ब्रॉडगेज_पुणे

मालबाबू, ट्रान्सशिपमेंट शेडचं वर्णन वाचून काटा आला अंगावर. असेच लिहीत रहा काका.

थोडी इतिहासाची भर घालतो कारण लोक ही लाईन पंढरपूरसाठी झाली असं समजतात. नाही हो. बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली ती कुर्डुवाडी (तेव्हाचं नाव बार्शी रोड) ते बार्शी एवढीच, कारण बार्शीची बाजारपेठ मोठी आणि मुख्य लाईनपासून वीस-एकवीस मैल लांब, माल बैलगाड्यांनी यायचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंजिनियर, त्याचं सगळं डोकं मालाच्या वजनावर चाललेलं. अडीच फुटी गेज, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही, इंजिन असो की वाघीण. म्हणजे रूळ हलके, पूल हलके, खर्च कमी, पण वाघिणी मात्र तिच्या आकाराच्या मानानं भरपूर माल घेणाऱ्या. लाईट रेल्वे कशी बांधावी हे जगाला दाखवायला त्यानं बार्शी उभी केली. मग एकीकडे पंढरपूर, एकीकडे १९११ ला लातूर, आणि १९२७ ला मिरज. कंपनी खासगीच होती, सरकारनं १ जानेवारी १९५४ ला ताब्यात घेतली.

(अवांतर: ह्याच कॅलथ्रॉपनं पुढं विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवलं. बार्शीची रेल्वे आणि पॅराशूट एकाच डोक्यातून, हे मी ज्याला सांगतो तो मला फेकू समजतो.)

सांगायचा मुद्दा, जी लाईन तालुक्याच्या बाजारपेठेचा माल उचलायला जन्माला आली तिच्यावर तालुक्याचा माल चढायला आज जागा नाही.

भुसार_गल्ली

लातूरहून लिहितोय. आमच्याकडं सोयाबीन, तूर, डाळमिला, पेंड सगळं हाय. पेंडीचा, खताचा, धान्याचा रेक लागतो म्हणून लातूरला तरी मालधक्का जिवंत हाय. ज्याच्याकडं रेक भरायची ऐपत त्याला रेल्वे, बाकीच्यानं ट्रक. छोटा व्यापारी मोठ्याच्या रेकमध्ये आपला माल घुसडायचं बघतो पण मोठा काय फुकट घेतो का.

आणि रेल्वेच्या मनात आलं तर काय होतं ते आम्ही लातूरकरांनी डोळ्यानं बघितलंय. २०१६ चा एप्रिल. नळाला पाणी न्हवतं, हंड्यावरनं मारामाऱ्या, जमावबंदी लावली होती टाक्यांच्या भोवती. तवा मिरजेहून ह्याच लाईनवरनं पाण्याची गाडी आली. १२ एप्रिलला पहिली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. राजस्थानातल्या कोट्याहून टाक्या धुवून आणलेल्या. मग पन्नास वाघिणींची गाडी, २५ लाख लिटर एका खेपेला. मी पहाटे स्टेशनात उभा हुतो, लोकं इंजिनाला हार घालत हुती, एका म्हातारीनं वाघिणीला हात लावून पाया पडलं. मग तवा कसं जमलं? तवा का न्हाई विचारलं कुणी "इंडेंट (वाघिणींची मागणी) कुठाय" म्हणून?

निवृत्त_मालबाबू

भुसार, ते जमलं कारण ती गाडी रेल्वेच्या सगळ्या नियमात बसणारी होती. भरणारा एक, घेणारा एक, माल एक, निघायचं एकाच ठिकाणाहून आणि पोचायचं पण एकाच ठिकाणी. शिवाय मागं सरकार. मिरजेला हैदरखान विहिरीपासून यार्डापर्यंत पाईप टाकला तो काय व्यापाऱ्यानं टाकला असता का? पाण्याची गाडी म्हणजे उत्तम रेक होता, भावना बाजूला ठेवून बोलतोय.

डाळिंब उलटं आहे. भरणारे तीनशे, घेणारे पन्नास, आणि माल नासका.

माणदेशी_भगवा

काका, डाळिंब नासकं न्हाई हो, महिनाभर टिकतंय. ढोबळी नासती.

निवृत्त_मालबाबू

बरं, डाळिंबाची माफी मागतो 🙏

राजेहो_यवतमाळ

तुमचं सगळं वाचून राह्यलो अन् हसू येऊन राह्यलं राजेहो. तुमच्या इथं निदान वायर तरी आहे. आमची शकुंतला रेल्वे पाह्यली का कोणी? यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर. किलिक निक्सन कंपनीनं टाकली कापसासाठी. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरले आणा, तिथून मोठ्या गाडीत घालून मुंबई, तिथून मँचेस्टर. इंजिन बी मँचेस्टरचंच, १९२१ चं, ते १५ एप्रिल १९९४ परेंत धावलं मग डिझेल आलं. म्हणजे आमचा कापूस अन् त्याहीचं इंजिन, येरझारा झाली बरोब्बर.

आता काय झालं ते सांगतो, यातून तुमच्या कामाचं काही निघते का पाहा. आधी कापूस गेला ट्रकवर. जिनिंगवाल्याचा ट्रक गावात यायला लागला, तुमच्या दहाचाकी भाऊसारखा. लोक म्हणे जाऊ दे, पॅसेंजर तर आहे. माल गेला तशी कमाई गेली, कमाई गेली तशी दुरुस्ती गेली, दुरुस्ती गेली तशी स्पीड गेली, मग पोट्टे चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून परत चढत. मजा वाटे तवा. मग एक दिवस पॅसेंजर बी गेली. आता रुळाच्या मधात बाभळी आहेत. ब्रॉडगेज होईन म्हणून घोषणा झाल्या, आम्ही म्हातारे होऊन राह्यलो.

माल जाते तेव्हा कोणी रडत नाही, गाडी जाते तेव्हा रडतेत. पण गाडी मालासोबतच गेली असते, फक्त आपल्याले उशिरा दिसते.

ब्रॉडगेज_पुणे

राजेहो, शकुंतलेबद्दल वाईट वाटतं पण इथं तसं होणार नाही. मिरज-कुर्डुवाडी-लातूर लाईन बंद पडायची भीती अजिबात नाही. विठोबा आहे तोवर लाईन आहे. आषाढीला किती स्पेशल लागतात बघा. इथे प्रश्न फक्त मालाचा आहे. रूळ राहणार, गाड्या राहणार, आपल्या गावावरून बॉक्स वाघिणींचे रेक धडधडत जाणार आणि आपला क्रेट मात्र फलाटावर.

बेदाणा_ताई

कवठेमहांकाळच्या बाजूला आमची बेदाण्याची शेड आहे. नागज, आगळगाव परिसरात फिरलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूला हिरव्या जाळीच्या शेडच शेड दिसतील. माल तासगाव-सांगलीच्या स्टोरेजला जातो आणि तिथून व्यापारी देशभर पाठवतात, सगळं ट्रकनं. रेल्वे लाईन आमच्या शेडपासून दिसते. शब्दशः दिसते, दुपारी गाडी गेली की बायका म्हणतात चला जेवायची वेळ झाली. एवढाच तिचा उपयोग 🙂

मी किसान रेल कधी वापरली नाही, तेव्हा बेदाणा त्यात बसतो का हे पण कुणी सांगितलं नाही. पण एक विचारायचं आहे मालबाबूंना. रेक आमच्या कुवतीबाहेरचा हे पटलं. पण ती २३ टनाची व्हीपी? २३ टन म्हणजे काही फार नाही हो. आम्ही इथले पाच-सहाजण मिळून भरू शकतो. एक व्हीपी भाड्यानं घेऊन चालत्या एक्सप्रेसला जोडता येते का?

निवृत्त_मालबाबू

ताई, नेमका प्रश्न विचारलात. नियमात बसतं. व्हीपीची मागणी नोंदवता येते, आगाऊ पैसे भरून. अडचण पुढं आहे.

एक, जोडायची कशाला? उत्तरेकडं किंवा पूर्वेकडं जाणाऱ्या थेट गाड्या ह्या लाईनवर किती? कोल्हापूर-धनबाद दीक्षाभूमी आठवड्यातून एकदा. कोल्हापूर-नागपूर आठवड्यातून दोनदा. बाकी सगळं जवळपासचं. आणि एक्सप्रेसला आधीच डबे पूर्ण असतील तर व्हीपी जोडायला जागा नाही.

दोन, तुमच्या स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते. व्हीपी जोडायची तर शंटिंग हवं, इंजिन हवं, माणूस हवा. म्हणून ती मिरजेला किंवा कुर्डुवाडीलाच जोडणार. म्हणजे तुमचा माल आधी मिरजेला न्या, ट्रकनं.

तीन, रिकामी व्हीपी परत कोण आणणार. बिहारहून सांगोल्याला काय भरून आणणार तुम्ही?

किसान रेलमध्ये ह्या तिन्ही गोष्टी रेल्वेनं अंगावर घेतल्या होत्या, म्हणून ती सोपी वाटली.

दहाचाकी

परतीचं भाडं!! काका बोलले ते सोन्यासारखं बोलले. आमचा सगळा धंदा परतीच्या भाड्यावर आहे. दिल्लीला डाळिंब टाकून मी रिकामा येत नाही, दोन दिवस झोपतो ट्रान्सपोर्ट नगरमध्ये पण काहीतरी भरूनच येतो. रेल्वेला झोपता येत नाही.

माणदेशी_भगवा

खरं बोलायचं तर किसान रेलमध्ये पण सगळं गोड न्हवतं. एकदा मी ६० क्रेट लांबच्या एका मार्केटला पाठवले, व्यापारी फोनवरचा, तोंड बघितलेलं न्हाई. माल वेळंत पोचला, रेल्वेची काय चूक न्हाई, पण पट्टी (विक्रीचा हिशोब) आली ती बघून बायको म्हणाली ह्यापेक्षा गावात वाटली असती तर पुण्य लागलं असतं. आडत, तोलाई, हमाली, आणि "माल दबला" म्हणून कापलेले वेगळे. गाडीबरोबर आपला माणूस न्हाई तर असंच हुतं. ट्रकचा ड्रायव्हर निदान उभा ऱ्हातो तिथं, फोटो पाठवतो.

तरी मी म्हणतो गाडी पाहिजे. कारण ट्रकवाल्याला पण भीती पाहिजे की दुसरी वाट हाय.

आता बेदाणा ताईंनी विषय काढलाच हाय तर मी गंभीरपणे विचारतो. हितं ह्या लाईनवरची किती माणसं हायत? डिसेंबरात एक व्हीपी भरंल एवढा माल जमतो का नुसतं बघू तर. मिरजेला नेऊन जोडायची धरू. २३ टन म्हणजे ११५० क्रेट. माझे १४० धरा, २.८ टन.

बेदाणा_ताई

माझा बेदाणा मागच्या हंगामातला स्टोरेजमध्ये आहे, १५ किलोचे बॉक्स. तीन टन धरा. नवीन माल मार्च-एप्रिलशिवाय येत नाही.

आरगचा_आप्पा

आरगहून. माझे ९० क्रेट डाळिंब. पण दिल्लीलाच जाणार का? माझा व्यापारी कोलकात्याचा आहे.

जवळ्याचा_जावई

सासऱ्याची बाग आहे, २०० क्रेट निघतील. त्यांना विचारतो पण धरून चला.

लिंबू_टिंबू

लिंबू चालतंय का? दीड टन. लिंबाला भाव असला तर 😅

माणदेशी_भगवा

जमवलं: २.८ + ३ + १.८ + ४ + १.५ = १३.१ टन. अजून दहा टन पाहिजे. मोडनिंबचं, पंढरपूरचं कोण न्हाई का? केळीवाले, पेरूवाले?

आप्पा, एकाच व्हीपीत दिल्ली आणि कोलकाता कसं जमंल, काहीतरी ठरवा की.

निवृत्त_मालबाबू

बघा आता. धागा चालू होऊन दोन दिवस झाले, माणसं पाच, माल तीन प्रकारचा, मुक्काम दोन. मी खिडकीच्या आत बसायचो तेव्हा रोज हेच बाहेरून ऐकायचो. तुम्हाला हसत नाहीये, उलट बरं वाटतंय की कोणी तरी क्रेट मोजतंय.

खरं तर हे काम एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीनं करायचं. वर्षभर दर आठवड्याला एक व्हीपी देतो असं लिहून दिलं तर डिव्हिजनला पण बोलता येतं. एका डिसेंबरपुरतं कोण ऐकणार. आणि २०२१ च्या डिसेंबरात आलेलं गतिशक्ती कार्गो टर्मिनलचं धोरण आहे, खासगी माणूस सुद्धा रेल्वेला लागून मालधक्का उभा करू शकतो, पण तिथं पण परत रेकच भरावे लागतात. साखर कारखान्यांना जमेल, एका हंगामात एकेक कारखाना कित्येक रेक साखर भरू शकतो. डाळिंबाला नाही.

भुसार_गल्ली

साखर कारखान्यानं रेक भरला तर धक्का चालू राहील, धक्का चालू राहिला तर हमाल राहतील, हमाल राहिले तर कवा तरी आपला पण माल. असंच चालतंय. आमच्या लातूरला खतामुळं टिकलं.

दहाचाकी

आणि डाळिंबच राहिलं नाही तर? सांगोल्यात किती बागा उपटल्या ते सगळ्यांना दिसतंय. टेंभू-म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, आता जो तो ऊस लावतोय. ऊस काय किसान रेलनं पाठवणार दिल्लीला? पाच वर्षांनी तुम्ही गाडी मागायला जाल आणि साहेब विचारेल भरणार काय.

माणदेशी_भगवा

हे मात्र खरं बोलला भाऊ. ह्याच्यावर माझ्याकडं उत्तर न्हाई. तेल्या रोगातनं वाचलो, मर रोगातनं वाचलो न वाचलो तोवर खोडकिडा. माझ्या बांधाशेजारच्यानं सगळी बाग काढून ऊस लावला, आता रोज सकाळी मोटर चालू करून कट्ट्यावर बसतो. मी रोज खोडं तपासत फिरतो. बायको म्हणती त्यांच्याकडनं काय तरी शिका.

राजेहो_यवतमाळ

म्हणून तर म्हणतो, गाडी असते तेव्हाच भरून घ्या.

जवळ्याचा_जावई

माफ करा मंडळी. सासऱ्यांनी बाग काल बांधावरच देऊन टाकली, व्यापारी रोख घेऊन आला होता. माझे २०० क्रेट वजा करा.

माणदेशी_भगवा

९.१ टन.

चार दिवस झाले, नवीन कोण आलं न्हाई. मिरजेला फोन करून विचारलं, माणूस चांगला बोलला, नीट सगळं सांगितलं. पण २३ टनाच्या डब्यात नऊ टन भरलं तरी पैसे डब्याचेच. हिशोब केला, बसत न्हाई. पुढच्या वर्षी बघू, ताई तुम्ही उत्पादक कंपनीचं बघा, मी कागदं काढायला तयार हाय, सोलापूरला चकरा मारायला पण तयार हाय.

बेदाणा_ताई

कंपनीचं दोन-तीन जणींशी बोलले आहे, आमच्या बचत गटातल्याच. संक्रांतीनंतर बसू या. मालबाबू, तुम्ही याल का एकदा समजावून सांगायला? चहा आणि बेदाणा माझ्याकडून.

निवृत्त_मालबाबू

येईन की. पॅसेंजरनं येईन, पास आहे.

दहाचाकी

नऊ टन म्हणालात ना? माझ्या दहाचाकीत अठरा बसतात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दिल्लीची फेरी आहे, अर्धी गाडी ढोबळी आधीच ठरली आहे. बाकी अर्ध्यात तुमचं सगळ्यांचं बसतंय. ताईंचा बेदाणा पण. आप्पांचं कोलकात्याचं जमणार नाही, ते राहू दे.

माणदेशी_भगवा

भाडं काय?

दहाचाकी

व्यनि केलाय, बघा. इथं सांगत नाही, मालबाबू वाचतात.

माणदेशी_भगवा

बघितला. डाळिंब खाली आणि ढोबळी वर असं भरू नका म्हणजे झालं, वाफ लागती. ताडपत्री नवी हाय का?